एकाच क्लबातील सातशे सत्तर सामने

इंग्लंडमधील फुटबॉलचा विषय निघाला की आपल्याकडील वाचकांच्या ओठांवर मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल अशी पाच-सहा नावे सहज येतात. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर तर गोव्यातील शाळकरी मुलांनाही या संघांतील खेळाडू तोंडपाठ झाले आहेत. परंतु त्या देशातील वरच्या चार श्रेणींत मिळून ब्याण्णव क्लब खेळतात, आणि त्यांतील बहुसंख्य क्लबांचा वृत्तपत्रांतील ठळक मथळ्यांशी क्वचितच संबंध येतो. रेल्वेच्या कारखान्यांची गावे, गिरण्यांची गावे, समुद्रकाठची लहानशी बंदरे अशा ठिकाणी हे क्लब शतकाहून अधिक काळ नांदत आले आहेत. तेथे खेळणारा मनुष्यही पगारी खेळाडूच असतो. त्यालाही सकाळी सरावाला जावे लागते, पाय मोडला तर त्याचीही भाकरी धोक्यात येते, आणि पस्तिशी आली की पुढे काय, हा प्रश्न त्याच्यापुढेही उभा राहतो. फरक इतकाच की, त्याचे नाव त्याच्या जिल्ह्याबाहेर फारसे कोणी घेत नाही.

जॉन ट्रॉलप हा अशा खेळाडूंपैकी एक होय. १९६० च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो स्विंडन टाउन या क्लबाकडून पहिला लीग सामना खेळला. त्यानंतर वीस वर्षांत त्याच एका क्लबासाठी त्याने एकंदर ७७० लीग सामने खेळले. या ७७० पैकी पहिल्या विभागातील सामना एकही नव्हता. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा अंगरखाही त्याला कधी मिळाला नाही. नेहमीच्या मापाने मोजली तर ही कारकीर्द मध्यम प्रतीची ठरेल. तथापि पगारी फुटबॉल हा व्यवसाय प्रत्यक्षात कसा चालतो, कोणाच्या श्रमावर उभा राहतो, आणि त्यात खेळाडूच्या इच्छेला किती किंमत असते, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर कीर्तिशिखरावरील दहा-वीस नावांपेक्षा हे एक नाव अधिक उपयोगी पडते.

प्रथम त्या वेळची व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. १९६० मध्ये इंग्लिश लीगचे चार विभाग होते. पहिल्या दोहोंत प्रत्येकी बावीस आणि खालच्या दोहोंत प्रत्येकी चोवीस क्लब असत. ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होणारा हंगाम मेपर्यंत चाले. आपल्या विभागातील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्याच्या मैदानावर सामना होई. म्हणजे तिसऱ्या विभागातील संघाच्या वाट्याला वर्षाला शेहेचाळीस लीग सामने आले, आणि चषकांच्या स्पर्धा त्याखेरीज. विजयाला दोन गुण व बरोबरीला एक, असा हिशेब होता. हंगामाच्या अखेरीस तिसऱ्या विभागातील पहिले दोन संघ वर चढत आणि शेवटचे चार खाली उतरत. ही चढउतार केवळ मानाची नव्हती. त्या काळी दूरचित्रवाणीचा पैसा क्लबांना मिळत नसल्यासारखाच होता, आणि मैदानाच्या दारावर जमा होणाऱ्या तिकिटांच्या पैशावर क्लबाचा संसार चाले. वरच्या विभागात मोठे पाहुणे संघ येत, त्यांच्यामागून गर्दी येई, आणि गर्दीबरोबर पैसा येई. खालच्या विभागात राहिलेल्या क्लबाला पैसा उभा करण्याचा दुसरा मार्ग एकच होता. तो म्हणजे आपल्याकडे तयार झालेला चांगला मुलगा मोठ्या क्लबाला विकणे.

येथे 'विकणे' हा शब्द कठोर वाटेल, पण तो अतिशयोक्तीचा नाही. खेळाडूचा करार वर्षाचा असे. वर्ष संपले की क्लब दोन याद्या तयार करी. एक, ठेवून घ्यावयाच्या खेळाडूंची, आणि दुसरी, किंमत घेऊन सोडावयाच्या खेळाडूंची. ज्याचे नाव पहिल्या यादीत पडले त्याचा करार संपला असला, तरी त्याची नोंदणी क्लबाच्याच ताब्यात राही. क्लबाच्या संमतीवाचून लीगमधील अन्य कोणत्याही संघाकडून त्याला खेळता येत नसे. पसंत नसेल तर खेळ सोडून दुसरा धंदा पाहण्याची मुभा मात्र त्याला होती! त्यातच पगारावर कमाल मर्यादा घातलेली होती. १९०१ मध्ये ती आठवड्याला चार पौंड होती. वाढत वाढत १९५८ मध्ये ती हंगामात वीस आणि उन्हाळ्याच्या सुटीत सतरा पौंडांवर आली. देशातील सर्वोत्कृष्ट खेळाडू असो की तिसऱ्या विभागातील साधा खेळाडू असो, या आकड्यापलीकडे कोणालाही देणे हा गुन्हा समजला जाई. खालच्या विभागांतील पुष्कळांना तर तितकेही मिळत नसे. ट्रॉलपने धंद्यात पाऊल टाकले ते या चौकटीत.

त्याचे गावही पाहण्याजोगे आहे. स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेस विल्टशर परगण्यातील शहर. मुळात टेकडीवरचा लहानसा बाजारगाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तेथे १८४३ मध्ये इंजिनांचा कारखाना सुरू केला आणि टेकडीच्या पायथ्याशी नवे शहर वसले. कामगारांसाठी चाळी, दवाखाना, वाचनालय, सारे रेल्वेच्या छायेत वाढले. कित्येक घरांत आजा, बाप आणि नातू एकाच कारखान्याच्या भोंग्यावर उठत. ब्रिटिश रेल्वेने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन, 'ईव्हनिंग स्टार', १९६० च्या मार्चमध्ये याच कारखान्यातून बाहेर पडले. म्हणजे एका युगाचे शेवटचे इंजिन जेथून निघाले तेथेच पाच महिन्यांनी ट्रॉलपची कारकीर्द सुरू झाली. कारखान्यातून सुटलेला कामगार शनिवारी दुपारी काउंटी ग्राउंड या मैदानाकडे वळे. तांबड्या अंगरख्यांमुळे स्विंडनच्या संघाला रॉबिन पक्ष्याचे नाव मिळाले होते. १९२० मध्ये तिसरा विभाग निर्माण झाला तेव्हा हा क्लब लीगमध्ये आला, आणि पुढे चाळीस वर्षे त्या विभागातून तो वर गेला नाही.

ट्रॉलप स्विंडनजवळच्याच रॉटन या गावी १९४३ च्या जूनमध्ये जन्मला. तो संघात आला यामागे थोडी नियतीची कृपा होती आणि बरीच क्लबाची गरिबी. व्यवस्थापक बर्ट हेड यांच्यापाशी तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी आसपासची पोरे हेरली आणि मिसरूडही न फुटलेल्या मुलांना मोठ्यांच्या सामन्यांत उतरविले. अर्नी हंट, माइक समरबी, डॉन रॉजर्स आणि ट्रॉलप ही त्या काळची नावे. लोक त्यांना कौतुकाने, आणि प्रारंभी काहीशा चेष्टेनेही, 'बर्टची बाळे' म्हणत. ट्रॉलपचा पहिला सामना हॅलिफॅक्स टाउन या संघाशी झाला.

ही बाळे लवकरच मोठी झाली. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडच्या स्मरणात राहिलेला आहे. मैदाने आठवडेच्या आठवडे गोठून गेली, सामन्यांमागून सामने पुढे ढकलले गेले, आणि वसंतात ते दाटीवाटीने उरकावे लागले. त्या विस्कळीत हंगामात स्विंडनने दुसरा क्रमांक मिळविला आणि त्रेचाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर प्रथमच दुसऱ्या विभागात प्रवेश केला. ट्रॉलप तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता.

त्याची जागा लेफ्ट बॅकची. आजचा लेफ्ट बॅक मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो आणि हल्ल्यातही भाग घेतो. साठ सालचे त्याचे मुख्य काम मात्र रखवालदाराचे होते. प्रतिपक्षाचा उजव्या बगलेवरचा खेळाडू बहुधा संघातील सर्वांत चपळ असे. त्याला कडेच्या रेषेकडे दाबीत नेणे, आत वळू न देणे, आणि तो चेंडू गोलासमोर टाकण्यापूर्वी पाय घालणे, हे ते काम. यात बाजी मारली तर प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही, चूक झाली तर हजारो लोकांना दिसते. त्यातून जानेवारी-फेब्रुवारीतील मैदाने म्हणजे चिखलाची शेतेच असत, आणि चामड्याचा चेंडू पाणी पिऊन दगडासारखा जड होई. अशा कामात कौशल्याइतकाच उपयोग असतो तो शरीराच्या चिवटपणाचा आणि मनाच्या एकसारखेपणाचा. या दोन्ही गोष्टी ट्रॉलपपाशी किती होत्या, हे एका आकड्यावरून दिसते. १९६१ च्या एप्रिलपासून १९६८ च्या ऑगस्टपर्यंत स्विंडनचा एकही लीग सामना त्याच्यावाचून झाला नाही. ओळीने ३६८ सामने!

हा आकडा उमजण्यासाठी एक नियम ठाऊक असावा लागतो. १९६५ पर्यंत लीगच्या सामन्यात बदली खेळाडू घेण्याची मुभाच नव्हती. कोणी जखमी झाला तर संघ दहा जणांनी खेळे. त्यामुळे लंगडणारा खेळाडूही बाहेर न जाता बगलेवर उभा राही, निदान प्रतिपक्षाचा एक माणूस तरी त्याच्याजवळ अडकून पडावा म्हणून. मुरगळलेला घोटा आवळून बांधावा, आठवडाभर शेकावा आणि शनिवारी पुन्हा मैदानात उतरावे, हा शिरस्ता होता. जागा सोडली तर ती परत मिळेलच याची शाश्वती नसल्यामुळे खेळाडूही दुखणे लपवीत. सात वर्षांहून अधिक काळ एकही सामना न चुकणे यात दैवाचा भाग आहेच. परंतु त्यात केवळ दैव पाहणे हा त्या माणसावर अन्याय होईल. अखेर १९६८ च्या ऑगस्टमध्ये हार्टलपूलविरुद्धच्या सामन्यात त्याचा हात मोडला आणि ही मालिका तुटली.

मध्यंतरी संघाचे रूप पालटून गेले होते. १९६५ मध्ये स्विंडन पुन्हा तिसऱ्या विभागात उतरला. बर्ट हेड यांना जावे लागले, आणि लहान क्लबाच्या संसारातील नेहमीचा प्रकार घडला. हंटला वुल्व्हरहॅम्प्टनने घेतले आणि समरबीला मँचेस्टर सिटीने. समरबी पुढे १९६८ मध्ये सिटीबरोबर लीगचा विजेता झाला आणि इंग्लंडकडूनही खेळला. एकाच मैदानावर, एकाच शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या दोन मुलांपैकी एकाच्या नशिबी देशातील पहिला संघ आला, आणि दुसऱ्याच्या नशिबी पुन्हा तोच तिसरा विभाग, तीच बस आणि तेच चिखलाचे मैदान. बाजारात बगलेवरच्या हल्लेखोराला आणि गोल करणाऱ्याला जो भाव येतो तो रखवालदाराला येत नाही, हे यामागचे व्यावहारिक कारण. कला डोळ्यांत भरते आणि सातत्य हिशेबाच्या वहीत राहते.

तरीसुद्धा या तिसऱ्या विभागातील संघाने एक दिवस असा काही पराक्रम केला की त्याची आठवण आजही इंग्लंडमध्ये निघते. १९६०-६१ च्या हंगामात, म्हणजे ट्रॉलपच्या पहिल्याच वर्षी, लीग कप नावाची नवी स्पर्धा सुरू झाली होती. लीगमधील सर्व क्लबांना ती खुली होती. प्रारंभी मोठ्या क्लबांनी तिच्याकडे तुच्छतेने पाहिले, पण अंतिम सामना वेम्बलीच्या मैदानावर होऊ लागल्यावर तिला वजन आले. १९६८-६९ मध्ये स्विंडनने या स्पर्धेत एकेक फेरी पार केली. पहिल्या विभागातील कव्हेंट्री आणि बर्नली त्यांच्यापुढे हरले. ब्रायन क्लफ यांचा डर्बी काउंटी संघ त्या वर्षी दुसऱ्या विभागाचा विजेता ठरला, तोही हरला. यांतील काही लढती एका सामन्यात सुटल्या नाहीत, पुन्हा पुन्हा खेळाव्या लागल्या. व्यवस्थापक होते डॅनी विल्यम्स आणि कर्णधार स्टॅन हार्लंड. हाताच्या दुखापतीतून बरा झालेला ट्रॉलप आपल्या जागेवर परतला होता.

१९६९ च्या मार्चची १५ तारीख. वेम्बलीवर सुमारे अठ्ठ्याण्णव हजार प्रेक्षक, आणि समोर आर्सेनल. आर्सेनल हा इंग्लंडमधील सर्वांत प्रतिष्ठित क्लबांपैकी एक. पुढच्याच वर्षी त्याने युरोपातील फेअर्स कप जिंकला आणि १९७१ मध्ये लीग व एफ. ए. कप दोन्ही पटकावले. अशा संघापुढे विल्टशरच्या रेल्वेच्या गावातून आलेले अकरा जण उभे होते. मैदानाने मात्र त्या दिवशी समतेचे व्रत घेतले होते. काही दिवसांपूर्वीच तेथे घोड्यांची स्पर्धा भरविली गेली होती. टापांनी उखडलेल्या हिरवळीवर पाऊस पडला आणि तिची चिखलाची दलदल झाली. आर्सेनलच्या खेळाडूंत फ्लूची साथही नुकतीच येऊन गेली होती. हरणाऱ्याची कारणे म्हणून या गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पण त्याच चिखलात स्विंडनचेही पाय रुतत होते, हे सांगणारे थोडे.

पूर्वार्धात आर्सेनलच्या बचावातील गोंधळाचा फायदा घेऊन रॉजर स्मार्टने गोल केला. त्यानंतर सारा वेळ आर्सेनल चढाई करीत होता. स्विंडनचा गोलरक्षक पीटर डाउन्सबरा एकामागून एक फटके अडवीत होता, आणि त्याच्यापुढची बचावफळी, डाव्या टोकाला ट्रॉलप, चिखलातून वाट काढीत चेंडू दूर सारीत होती. सामना संपण्यास चार मिनिटे उरली असताना बॉबी गूल्डने बरोबरी साधली. अशा वेळी लहान संघ खचतो, हा सर्वसाधारण अनुभव. जादा वेळात उलट घडले. डॉन रॉजर्सने प्रथम गोलाजवळच्या झोंबाझोंबीत चेंडू जाळ्यात टाकला. अगदी शेवटी आर्सेनलचे सारे खेळाडू पुढे गेलेले असताना तो मध्यरेषेपासून एकटा चेंडू घेऊन निघाला, गोलरक्षकाला चकवून पुढे गेला आणि तिसरा गोल केला. तीन विरुद्ध एक. चषक तिसऱ्या विभागात गेला. त्याच हंगामात स्विंडनने लीगमध्येही दुसरा क्रमांक मिळवून दुसऱ्या विभागात पुन्हा पाऊल ठेवले.

चषक जिंकणाऱ्याला युरोपातील फेअर्स कप स्पर्धेत प्रवेश मिळे. परंतु तो पहिल्या विभागातील क्लबालाच, असा नियम होता. १९६७ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सला याच कारणासाठी दारातून परत पाठविले होते. स्विंडनलाही तेच उत्तर मिळाले. मैदानावर आर्सेनलला हरविता येते, कागदावर हरविता येत नाही, असा याचा अर्थ. भरपाई म्हणून इटलीतील चषकविजेत्या संघाशी दोन सामने ठरविण्यात आले. रोमा संघाने आपल्या शहरात दोन-एक असा विजय मिळविला, आणि काउंटी ग्राउंडवर स्विंडनने त्याला चार गोलांनी लोळविले. पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, इंग्लंड-इटली यांच्यातील चषकाच्या अंतिम सामन्यात नेपल्सच्या मैदानावर स्विंडन तीन गोलांनी पुढे असताना चिडलेल्या प्रेक्षकांनी दंगल केली आणि सामना ७९ व्या मिनिटाला थांबवावा लागला. तोही चषक स्विंडनकडेच आला. रॉटन गावच्या पोराने लीगचा पहिला विभाग पाहिला नव्हता, पण रोम आणि नेपल्स पाहिले.

पहिल्या विभागाच्या अगदी जवळ तो आला तो याच सुमारास. १९६९-७० मध्ये स्विंडन दुसऱ्या विभागात पाचवा राहिला, आणि वर जाणार होते दोनच. ती संधी पुन्हा आली नाही. १९७२ मध्ये रॉजर्सला क्रिस्टल पॅलेस या क्लबाने नेले. तेथे व्यवस्थापक होते तेच बर्ट हेड, ज्यांनी त्याला पोरवयात स्विंडनच्या संघात आणले होते. १९७४ मध्ये स्विंडन पुन्हा तिसऱ्या विभागात घसरला. ट्रॉलप तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि आपल्या जागेवरच होता.

या वीस वर्षांत मैदानाबाहेर जे घडत होते ते मात्र फुटबॉलच्या इतिहासातील मोठे परिवर्तन होय. ट्रॉलपच्या पहिल्या सामन्याला सहा महिने होण्यापूर्वीच, १९६१ च्या जानेवारीत, खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली. तिचे अध्यक्ष जिमी हिल आणि चिटणीस क्लिफ लॉइड यांनी लीगला नमविले आणि पगाराची कमाल मर्यादा रद्द झाली. फुलम क्लबाच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. खालच्या विभागांत अर्थातच शंभर पौंडांचा पाऊस पडला नाही. मर्यादा उठली म्हणून तिजोरी भरत नाही. त्या विभागांतील खेळाडू उन्हाळ्यात लहानसहान कामे करीतच राहिले, आणि खेळ संपल्यावर कोणी दुकान थाटले, कोणी दारूचा गुत्ता चालविला, कोणी विम्याच्या कामाला लागला.

दुसरा प्रश्न होता खेळाडूला अडकवून ठेवण्याचा. न्यूकासल युनायटेडच्या जॉर्ज ईस्टममुळे तो न्यायालयापुढे आला. ईस्टमला क्लब सोडावयाचा होता आणि क्लब सोडीत नव्हता. तेव्हा तो १९६० मध्ये कित्येक महिने खेळाविना राहिला आणि बुचे विकणाऱ्या एका मित्राकडे नोकरी करून पोट भरू लागला. अखेर क्लबाने त्याला आर्सेनलला विकले, तरी त्याने दावा मागे घेतला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निर्णय दिला की, करार संपल्यावरही खेळाडूला असे धरून ठेवणे म्हणजे त्याच्या धंद्यावर अन्यायी निर्बंध घालणे होय. नियम त्यानंतर सैल झाले. १९७८ मध्ये करार संपलेल्या खेळाडूला दुसरीकडे जाण्याचा हक्क मिळाला, मात्र नव्या क्लबाने जुन्याला भरपाई द्यावयाची असे. ती भरपाईही १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बॉस्मन खटल्यात रद्द ठरविली.

या पार्श्वभूमीवर ट्रॉलपच्या ७७० सामन्यांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एकाच क्लबात आयुष्य घालविणाऱ्या खेळाडूचा गौरव करताना 'निष्ठा' हा शब्द सर्रास वापरला जातो. १९६० मध्ये त्या शब्दाला तितकासा अर्थ नव्हता. ज्याला जाता येत नाही त्याच्या राहण्याला निष्ठा कसे म्हणावे? बांधलेला बैल गोठा सोडीत नाही, यात त्याची भक्ती पाहणे बरे नव्हे. परंतु १९७८ मध्ये, खुंटीचा दोर तुटल्यावर, पस्तीस वर्षांचा हाच लेफ्ट बॅक त्याच मैदानावर होता. त्याच वर्षी त्याला एम. बी. ई. हा राजकीय सन्मान मिळाला. मैदान तेच, अंगरखा तोच, सामने तसेच. पण पहिल्या वर्षी त्याचे तेथे असणे हा नियम होता, आणि शेवटच्या वर्षांत ती निवड होती.

एका क्लबासाठी सर्वाधिक लीग सामने खेळण्याचा विक्रम तोपर्यंत पोर्ट्‌समथच्या जिमी डिकिन्सनच्या नावावर होता. १९४६ ते १९६५ या काळात डिकिन्सन ७६४ सामने खेळला. शेवटचा सामना तर आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी. पण डिकिन्सनचे दैव निराळे. त्याने पोर्ट्‌समथबरोबर १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे लीगचे विजेतेपद भोगले आणि इंग्लंडकडून ४८ सामने खेळला. १९८०-८१ च्या हंगामात सदतीस वर्षांच्या ट्रॉलपने त्याचा आकडा मागे टाकला आणि ७७० वर तो थांबला. हिशेबाची आवड असलेल्यांसाठी सांगावयाचे तर, नव्वद मिनिटांच्या सामन्याप्रमाणे हा काळ अकराशे पंचावन्न तासांचा भरतो. म्हणजे अखंड अठ्ठेचाळीस दिवस आणि अठ्ठेचाळीस रात्री एका माणसाने मैदानाच्या डाव्या कडेची राखण केली.

खेळ थांबल्यानंतरचा काळ त्याला सुखाचा गेला असे म्हणता येत नाही. १९८१ मध्ये क्लबाने त्याला व्यवस्थापक नेमले, आणि १९८२ मध्ये स्विंडन आपल्या इतिहासात प्रथमच चौथ्या विभागात घसरला. उत्तम खेळाडू उत्तम व्यवस्थापक होईलच असे नाही, आणि पैसा नसलेल्या क्लबात तर दोघांचाही इलाज चालत नाही. १९८३ मध्ये त्याने ती जागा सोडली. पुढे तरुण खेळाडूंना घडविण्याचे काम त्याने केले, आणि हे काम त्याच्या स्वभावाला अधिक मानवले असे दिसते. त्याचा मुलगा पॉल हाही पगारी खेळाडू व नंतर व्यवस्थापक झाला. स्विंडनचा रेल्वे कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. क्लब मात्र टिकला, आणि १९९३-९४ मध्ये तर एका वर्षापुरता प्रीमियर लीगमध्येही चढला. त्या वर्षी त्याला बेचाळीस सामन्यांत पाच विजय मिळाले आणि शंभर गोल खावे लागले. ट्रॉलपच्या वेळचा बचाव त्या वर्षी कित्येकांना आठवला असेल.

ट्रॉलपचा विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. खेळाडू आता मोकळे आहेत आणि पगार भरमसाट आहेत, तेव्हा एका क्लबात वीस वर्षे कोण काढणार, असे म्हणून तो कायमचाच समजला जात होता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो मोडला. मोडणारा डीन लेविंग्टन हा मिल्टन कीन्स डॉन्स या क्लबाचा खेळाडू. ट्रॉलपच्या शेवटच्या सामन्यानंतर चार वर्षांनी, १९८४ मध्ये तो जन्मला. क्लब विम्बल्डनहून उठून मिल्टन कीन्सच्या नव्या शहरात गेला त्या काळापासून तो त्याच्याबरोबर होता. त्याची सारी कारकीर्द खालच्या तीन विभागांतच गेली. त्याची जागा लेफ्ट बॅकची.